क्लच हळू सोडा

२ फेब्रुवारी, सोमवार

शुक्रवारी ऑफिस कायमचं बंद झालं. निरोपाच्या कार्यक्रमाला कंपनीनं एका सल्लागार बाईंना बोलावलं होतं. त्या तासभर बोलल्या. म्हणाल्या, "ही संधी समजा. आयुष्याचा अर्थ शोधा. रोज मनातलं लिहून काढा." मग प्रत्येकाला एक वही आणि एक पेन दिलं. ही तीच वही. पेन तिसऱ्या ओळीत बंद पडलं, आता लेकीच्या पेनानं लिहितेय.

एकोणीस वर्षं मी विम्याचे अर्ज तपासले. सही आहे का, तारीख आहे का, सोबतचे कागद जोडलेत का. माझ्या टेबलावरून चुकीचा अर्ज पुढे गेला नाही, असं साहेब सगळ्यांदेखत म्हणायचे. आता ते काम कॉम्प्युटर करणार आहे.

आयुष्याचा अर्थ: उद्या लिहीन.

५ फेब्रुवारी, गुरुवार

तीन दिवस घरात आहे आणि सगळी कपाटं आवरून झालीत. आज लेकीचं कपाट उघडलं तर ती दारात आडवी उभी राहिली. "आई, तुला लवकर नोकरी लागू दे. आमच्यासाठी तरी."

संध्याकाळी काका आले. काका म्हणजे माझ्या सासऱ्यांचे मित्र. तीस वर्षं बस चालवली, आता कोपऱ्यावर ड्रायव्हिंग स्कूल चालवतात. त्यांच्याकडची शिकवणारी मुलगी लग्न करून दुसऱ्या गावी गेली.

"सूनबाई, तू वीस वर्षं गाडी चालवतेस. एक ओरखडा नाही. ये की माझ्याकडे."

मी म्हटलं, "काका, मी कधी कुणाला काही शिकवलेलं नाही."

नवरा आतून ओरडला, "खोटं! मला लग्नापासून शिकवतेय."

काका हसता हसता खोकायला लागले. मी हो म्हटलं. पण चांगली नोकरी मिळेपर्यंतच, हे तीनदा सांगितलं. आणि नवऱ्याला बजावलं, अक्काला कळता कामा नये. माझी थोरली बहीण बँकेत मोठी अधिकारी आहे. डोक्यावर 'शिकाऊ' असा बोर्ड लावलेल्या गाडीतून मी फिरते हे तिला कळलं, तर ती काही बोलणार नाही. नुसती बघेल. ते मला चालणार नाही.

९ फेब्रुवारी, सोमवार

पहिला दिवस. शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक आणि एक क्लच असतो. आज माझा पाय त्या ब्रेकवरून उठलाच नाही. शेवटी एक मुलगा म्हणाला, "मॅडम, गाडी मी चालवतोय की तुम्ही?"

मान आखडलीय. घसा बसलाय. दिवसभरात "क्लच हळू सोडा" किती वेळा म्हटलं असेन! रात्री झोपेतही म्हणाले म्हणे.

नोकरीसाठी तीन ठिकाणी अर्ज केले. सगळीकडे सही, तारीख, सोबतचे कागद व्यवस्थित.

१६ फेब्रुवारी, सोमवार

आज एक नवे शिकाऊ आले. वय सदुसष्ट. शाळेत गणित शिकवायचे, सगळा परिसर त्यांना मास्तर म्हणतो. कडक इस्त्रीचा शर्ट, खिशात दोन पेनं. गाडीत बसायच्या आधी बूट झटकले.

मी विचारलं, "या वयात का शिकायचंय?"

म्हणाले, "चाळीस वर्षं आमच्या हिनं गाडी चालवली, मी शेजारी बसलो. आता तिचे डोळे अधू झाले. मधोमध धुकं दिसतं, कडेकडेनं थोडं काही. डॉक्टरांनी गाडी बंद केली. आता माझी पाळी."

मग मला म्हणाले, "आणि मी तुम्हाला बाई म्हणणार. शाळेत शिकवणाऱ्यांना बाईच म्हणतात."

मी शिकवणारी नाही, तात्पुरती आहे, असं सांगणार होते. पण तेवढ्यात त्यांनी गाडी फुटपाथवर चढवली.

मास्तर फार बोलतात. पहिल्या पंधरा मिनिटांत मला त्यांच्या तीन विद्यार्थ्यांच्या गोष्टी कळल्या, आणि तेवढ्यात दोन सिग्नल तोडून झाले. मी नियम केला: गाडीत बोलायचं नाही.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

आज वाईट झालं.

मास्तरांना उजवीकडे वळता येत नाही. समोरून गाड्या यायला लागल्या की ते मधोमध थांबतात आणि पुतळा होतात. आठवडाभर तेच. नियमाप्रमाणे तोंडातून शब्द काढत नाहीत, चेहरा मात्र घामाघूम. आज मोठ्या चौकात तसेच थांबले, समोरून ट्रक. मी स्टिअरिंग खेचलं, गाडी बाजूला घेतली आणि ओरडले, "डोळे आहेत ना तुम्हाला? मग बघत का नाही?"

त्यांनी इंजिन बंद केलं. किल्ली काढून माझ्या हातात दिली, खाली उतरले आणि चालत घरी गेले.

ओरडून झाल्यावर मला कळलं, डोळ्यांवरून मी कुणाला काय बोलले.

२२ फेब्रुवारी, रविवार

काकांकडून पत्ता घेऊन मास्तरांकडे गेले. दार मास्तरीणबाईंनी उघडलं. ठेंगण्या, पांढरे केस पोरासारखे आखूड कापलेले. माझ्याकडे बघताना मान जरा तिरकी करतात, कडेनं दिसतं म्हणून.

"ओरडणारी बाई तूच का? ये, आत ये. तो दूध आणायला गेलाय, म्हणजे अर्धा तास. वाटेत भेटेल त्याच्याशी बोलतो."

मी माफी मागायला लागले तर त्यांनी हात हलवला. "त्याला मी चाळीस वर्षं ओरडतेय. त्यानं काही होत नाही. तू गप्प बसवलंस, तिथं घोळ झाला."

"म्हणजे?"

"अगं, तोंड चालू असेल तरच त्याचं डोकं चालतं. शाळेतही फळ्यापाशी बोलल्याशिवाय त्याला स्वतःचं गणित सुटायचं नाही. तू त्याला मुका केलास. मुका केलास की तो आंधळाही होतो."

म्हणजे मी आठवडाभर भल्या माणसाचं इंजिन बंद करून वर त्याला म्हणत होते, चालवा.

मास्तर आले. मी म्हटलं, "मास्तर, माझं चुकलं. उद्यापासून बोला. पण एका अटीवर. समोर जे दिसेल तेच बोलायचं. गाडी, माणूस, सिग्नल, खड्डा. एकही शब्द इकडचा तिकडचा नको."

मास्तर खुदकन हसले. "म्हणजे उदाहरण सोडवताना रीत दाखवायची. बाई, हे आधी सांगायचं!"

मास्तरीणबाई म्हणाल्या, "मी पण येते. घरात बसून कंटाळा आलाय. मागे गप्प बसेन."

२३ फेब्रुवारी, सोमवार

गप्प बसल्या नाहीत.

आधी काका गाडीत तिसरं माणूस घ्यायला तयार नव्हते. मास्तरीणबाईंनी त्यांना विचारलं, "तुम्ही बस चालवायचात ना? मागे किती माणसं असायची?" काकांनी मागचं दार उघडून दिलं.

पण रीत चालली! मास्तर म्हणाले, "डावीकडे सायकलवर मुलगी, पिवळी टोपी, तिचं माझ्याकडे लक्ष नाही, म्हणून मी हळू. समोर बस थांबलीय, दार उघडं, म्हणजे कुणी तरी उतरणार. आता उजवीकडे वळायचंय, समोरून पांढरी गाडी, ती जाऊ दे, मागे स्कूटर, ती लांब आहे, चला!" आणि वळले. मागून मास्तरीणबाई म्हणाल्या, "गिअर बदल रे, इंजिन ओरडतंय." त्यांचे कान माझ्यापेक्षा चांगले आहेत.

चौक ओलांडल्यावर मी इतक्या जोरात "शाब्बास!" म्हटलं की मास्तर दचकले आणि गाडी बंद पडली.

३ मार्च, मंगळवार

तक्रार लिहून ठेवते. मास्तर आता अटीबाहेरचं बोलायला लागलेत. कोपऱ्यावरच्या झाडाला नवी पानं आलीत. बेकरीचा बोर्ड आता हिरवा केलाय. शाळेच्या भिंतीवर पोरांनी हत्ती काढलाय, पण सोंड आखूड झालीय. गाडी चालवायला याचा काय उपयोग? दोनदा टोकलं. मान हलवतात आणि पुन्हा तेच.

मास्तरीणबाई त्यांना आणखी नादाला लावतात. "पानं कसली, पोपटी का?" "थोडी तांबूस." "हां." कालच मागून विचारलं, "तो सलूनवाला अजून गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसून पेपर वाचतो का रे?" मास्तरांनी आरसा बघितला, वेग कमी केला, नजर टाकली आणि सांगितलं, "वाचतोय. पोट वाढलंय." त्या खूप वेळ हसत होत्या.

आरसा बघून वेग कमी केला, हे मात्र चांगलं.

ही रीत इतर शिकाऊंनाही लावली. एक नर्स येते, ती विमानासारखी गाडी चालवायची. दिसेल ते बोलायला लावलं तर आपोआप हळू झाली, कारण तोंडाला तेवढा वेग जमेना. काका म्हणाले, "सूनबाई, हे कुठल्या पुस्तकात वाचलंस?" मी म्हटलं, पुस्तक कसलं, चूक झाली होती, ती निस्तरतेय.

या आठवड्यात नोकरीचे अर्ज करायचे राहून गेले.

११ मार्च, बुधवार

अक्काचा फोन. माझा जीवच गेला.

"काल मोठ्या सिग्नलला एका शिकाऊ गाडीत अगदी तुझ्यासारखी बाई बसली होती गं. मी हाक मारणार होते. पण ती इतकी हसत होती, इतकी हसत होती, म्हटलं ही आपली नव्हे."

"नसेलच मी," मी म्हटलं. "मी कशाला तिथं?"

जीव भांड्यात पडला. ओळखलं नाही. उद्यापासून काळा चष्मा लावावा का?

नवऱ्याला सांगितलं तर तो काहीच बोलला नाही. नुसता बघत राहिला. हे अक्काकडून शिकलाय की काय!

१९ मार्च, गुरुवार

नोकरी मिळाली!

आमच्या जुन्या साहेबांनी दुसरीकडे काम धरलंय, त्यांनीच बोलावलं. अर्ज तपासायचंच काम. सोमवारी रुजू व्हायचं. महिनाभर ज्याची वाट बघितली ते झालं.

काकांना सांगितलं. ते म्हणाले, "चांगलं झालं, सूनबाई," आणि गाडीची काच पुसायला लागले. काच स्वच्छच होती.

मास्तरांची टेस्ट पुढच्या गुरुवारी आहे. त्यांना म्हटलं, काका नेतील तुम्हाला. ते म्हणाले, "बाई, अभिनंदन. नोकरी महत्त्वाची." मागच्या सीटवरून आज एकही प्रश्न आला नाही.

नवऱ्यानं आईस्क्रीम आणलं. तिघांनी खाल्लं. फारसं कुणी बोललं नाही. फार थंड होतं म्हणून असेल.

२३ मार्च, सोमवार

रुजू झाले. टेबल मोठं आहे. खुर्ची फिरते.

२४ मार्च, मंगळवार

काही विशेष नाही.

२५ मार्च, बुधवार

संध्याकाळी ऑफिसमधून निघणार, तेवढ्यात मास्तरीणबाईंचा फोन.

"त्याची उद्या टेस्ट आहे म्हणून नाही केला हो. तो बरा आहे. सकाळपासून खुर्चीत बसून गिअर बदलतोय. मी म्हटलं, तुझं नवं ऑफिस कसं आहे ते विचारावं. कुठं बसतेस? समोर काय दिसतं?"

मी मान वर केली. म्हटलं, "भिंत."

"बरं. भिंतीवर काय?"

"घड्याळ. आणि आग लागली तर कुठून पळायचं, त्याचा नकाशा."

"आणि खिडकीतून?"

"खिडकी नाहीये."

"माणसं?"

पलीकडच्या टेबलावर एक माणूस बसतो. तीन दिवस तो माझ्यापासून पाच हातांवर आहे. मला सांगता येईना, तो कसा दिसतो. मी वळून बघितलं. तो गेला होता.

"अगं, आहेस ना?" त्यांनी विचारलं.

"आहे," मी म्हटलं. आणि मग माझं मलाच कळायच्या आत विचारलं, "उद्या टेस्ट किती वाजता?"

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, मला उद्या सकाळी दाढ दुखणार आहे. तो म्हणाला, "कुठली?" मी म्हटलं, "ते ठरवायचंय."

२६ मार्च, गुरुवार

टेस्टचं मैदान शहराबाहेर. तपासणाऱ्या बाई उंच, कडक, कुणाकडे बघून हसणार नाही अशा. मास्तर गाडीत बसायच्या आधी बूट झटकायला लागले, तेव्हा त्यांनी घड्याळ बघितलं.

मी आणि मास्तरीणबाई कुंपणापाशी उभ्या. त्यांनी माझा दंड धरला.

"सांग."

"काय?"

"काय दिसतंय ते. मला इथून नुसता धुरळा दिसतो."

मग मी सांगायला लागले. गाडी निघाली. मान वळवून मागे बघितलं, छान. आता चढावर थांबलेत. हँडब्रेक. मागे एक कावळा चालतोय, ऐटीत, साहेबासारखा. तपासणाऱ्या बाई काही तरी लिहितायत. मास्तरांचं तोंड चालू आहे, दिसतंय मला, जराही थांबत नाही. आता उजवं वळण. समोरून एक जीप...

इंजिनाचा आवाज थांबला.

"बंद पडली," त्या म्हणाल्या.

"पडली."

त्यांची नखं माझ्या दंडात रुतली. "त्याचं तोंड?"

मी बघितलं. "चालू आहे."

"मग होईल."

गाडी सुरू झाली. जीप गेली. मास्तर वळले, संथ, गोल, वहीत कंपासनं काढावं तसं. मी सांगतच होते. रिव्हर्समध्ये दोन खांबांमधून गाडी आत घेतली. खांब हललेसुद्धा नाहीत.

तपासणाऱ्या बाई उतरल्या, सरळ माझ्याकडे आल्या. "यांना तुम्ही शिकवलंत?"

"हो."

"हे नेहमी एवढं बोलतात?"

"हो. तेच तर शिकवलं."

"त्यांनी मला सांगितलं की मैदानात कावळा आहे, जीपच्या ड्रायव्हरला झोप येतेय आणि माझ्या पेनातली शाई संपत आलीय." कागदावर खरंच शाई पुसट होती. "पंधरा वर्षांत इतका बघणारा माणूस माझ्या शेजारी बसलेला नाही. पास."

मास्तरांनी खिशातलं एक पेन काढून त्यांना दिलं. मास्तरीणबाई रडत होत्या आणि मला विचारत होत्या, त्याचा चेहरा कसा झालाय ते सांग. मला सांगता आलं नाही. माझ्याच डोळ्यांत धुरळा गेला होता.

२७ मार्च, शुक्रवार

साहेबांनी विचारलं, "दाढ कशी आहे?"

मी खरं काय ते सांगितलं. राजीनामाही पुढे ठेवला. सही, तारीख, सोबतचे कागद.

ते बराच वेळ वाचत होते. "एवढं चांगलं काम सोडून तिथं काय मिळतं तुम्हाला?"

"नीट सांगता येत नाही, साहेब. पण मी डायरी लिहिते. इथल्या एका अख्ख्या दिवसाबद्दल मी तीन शब्द लिहिलेत."

ते खिडकीकडे बघत राहिले. त्यांना खिडकी आहे. मग हळूच म्हणाले, "माझ्या मुलीला शिकवाल? माझ्याकडून शिकताना ती रडते."

"बहुतेक तुम्ही तिला गप्प बसवता," मी म्हटलं. साहेबांना असं बोलेन असं मला कधी वाटलं नव्हतं.

घरी येऊन सांगितलं. नवरा म्हणाला, "बरं झालं." बस्स, एवढंच. मला वाटलं होतं समजूत घालावी लागेल, हात थोडा आखडता घ्यावा लागेल वगैरे. मी सगळी उत्तरं पाठ करून आले होते. लेकीनं मग फोडलं, "बाबांनी काकांना आधीच सांगितलंय, आठ दिवस दुसरं कुणी ठेवू नका म्हणून."

म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. मला एकटीला सोडून.

मग तशीच हिंमत धरून अक्काला फोन केला. "अक्का, त्या गाडीत मीच होते."

पलीकडे शांतता. मला वाटलं, आता ती नुसती बघतेय.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "मी तीन सिग्नल तुमच्या मागं होते. गाडी इतकी हळू चालवता तुम्ही! ऐक ना. बँकेत कुणाला सांगू नकोस, पण माझ्याकडं लायसन्स नाहीये. आजवर ड्रायव्हरच होता. मला शिकवशील?"

२ एप्रिल, गुरुवार

अक्काचा पहिला दिवस. तिला कुणी सूचना दिलेल्या आवडत नाहीत. क्लचलाही तिनं हुकूम केला. त्यानं ऐकलं नाही. चौकात आठ वेळा गाडी बंद पडली. मागे हॉर्नचा नुसता गजर. अक्कानं काच खाली केली आणि मागच्या माणसाला म्हणाली, "अर्ज करा, बघते." मग आम्ही दोघी इतक्या हसलो की सिग्नल दोनदा हिरवा होऊन गेला.

लहानपणानंतर अक्काला असं हसताना बघितलं नव्हतं. ओळखलीच नसती.

१२ एप्रिल, रविवार

मास्तर आणि मास्तरीणबाई आज पहिल्यांदा दोघंच बाहेरगावी गेले. मास्तरीणबाईंच्या धाकट्या बहिणीकडे, दोन तासांचा रस्ता. सकाळी आठला निघाले. दहाला पोहोचल्याचा फोन यायचा होता.

अकरा वाजले. मी भाजी चिरायला घेतली आणि सुरी खाली ठेवली. बारा वाजले. नवरा म्हणाला, "तू शिकवलंयस ना? मग बस जरा." मी बसले, उठले. लेकीनं माझ्या हातातून फोन काढून घेतला, तो मी दर मिनिटाला बघत होते म्हणून.

साडेबाराला फोन वाजला.

"अगं, पोहोचलो!" मास्तरीणबाई. मागे मास्तर कुणाला तरी काही तरी सांगत होते, भरभर.

"एवढा उशीर? काय झालं? गाडी बंद पडली का?"

"छे गं. रस्ता चुकलो. पहिल्याच फाट्याला चुकलो, मग पुन्हा चुकलो. कुठल्या तरी टेकडीवर गेलो, तिथं रस्ताच संपला. तिथून नदी दिसते, तो म्हणाला. दोन वळणं घेते, मधे एक बेट, बेटावर एकच घर, त्याच्या दारात निळी होडी बांधलेली."

"मग?"

"मग काय, थांबलो तासभर. घरातलं माणूस होडीत बसतं का, ते बघायचं होतं ना."

"बसलं?"

"बसलं!" त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज लहान मुलीसारखा झाला. "बाई होती एक. स्वतःच वल्हं मारत गेली."

फोन ठेवला आणि मग भाजी चिरली. उद्या सातला अक्का, आठला साहेबांची मुलगी, नऊला नर्स.